आमच्यातलीच

‘वातावरण’ हा शब्द कुणी माझ्यापुढं काढला की माझं डोकं सटकतं. “आमच्या सोसायटीत लहान पोरांसाठी वातावरण लई चांगलं हाय,” असं कुणी म्हणलं की मला विचारावंसं वाटतं, कसलं वातावरण हो? नळाला पाणी कवा येतं, गटारावर झाकण हाय का, मोकाट कुत्री किती, ते सांगा की. पण ते कुणी सांगत न्हाई. त्या शब्दाच्या पोटात काय असतं ते मी शिरूरमध्ये भर दुपारी, भरलेल्या टेम्पोशेजारी उभी राहून बघितलंय. तवापासून माझं कुणाशी धड पटत न्हाई. स्वतःशी तर न्हाईच न्हाई.

हे सगळं करुणाचं हाय. करुणा गायकवाड. रांजणगावच्या एका कंपनीत आम्ही दोघी सहा वर्षं एकाच टेबलावर बसून पार्ट तपासायचो. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आधार कार्डावर अजून माहेरचं आडनाव हाय, ते पण गायकवाडच. त्यामुळं कंपनीच्या कार्डावर दोघी गायकवाड. आम्ही मराठे, ती बौद्ध, पण आडनावावर तसं काही छापलेलं नसतं. आमचा सुपरवायझर यूपीचा. त्यानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, “दोनों बहन हो क्या?” करुणा मान वर न करता म्हणाली, “हाँ, ये बड़ी है.” सगळी लाइन हसली. तवापासून आम्ही ‘गायकवाड सिस्टर’. मला लई भारी वाटायचं. घरी सांगायची मी, आमच्यात कसला भेद न्हाई बरं का.

खरं तर ती माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. तरी ती मला ताई म्हणायची, अहो-जाहो करायची आन् मी पहिल्या दिवसापासून अगं-तुगं. सहा वर्षांत हे माझ्या एकदा पण ध्यानात आलं न्हाई.

करुणाची नजर म्हंजी नजर व्हती. पार्ट उजेडाकडं धरायची, एकदा फिरवायची आन् म्हणायची, “रिजेक्ट.” आम्हाला भिंगातनं जी चीर दिसायची न्हाई ती तिला नुसती दिसायची. एकदा तिनं अख्खा क्रेट बाजूला काढला, तवा मॅनेजर अंगावर धावून आला. गाडी भरून उभी हाय, माल आत्ताच्या आत्ता गेला पाहिजे म्हणून. ती उठली पण न्हाई. म्हणाली, “साहेब, तुमच्या गाडीच्या ब्रेकला हा बसवाल का? बसवणार असाल तर मी पास करते.” मॅनेजर गुमान गेला. माहेर तिचं दौंडचं, वडील रेल्वेत गँगमन. मांडवगण फराट्याच्या बाजूला वस्तीवर तिला दिली. नवरा नवनाथ, डेअरीच्या दुधाचा टेम्पो चालवतो. पोरं दोन, मित्रा पाच वर्षांची आन् सम्यक अडीच. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस.

आन् उसात बिबट्या. आमच्याकडं आता हे कुणाला नवीन राहिलं न्हाई. आधी शेळी गेली, मग एक दिवस सकाळी आठला, चांगलं ऊन पडलेलं असताना, दारातलं कुत्रं नेलं. मित्रा ओट्यावर दात घासत व्हती. करुणाची सासू ताईबाई गवताला जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालायची. चामड्याचा पट्टा, बाहेरच्या बाजूला टोकदार खिळे, कारण बिबट्या आधी मान धरतो. बऱ्याच बाया घालतात. पण कुत्रं गेल्यावर ताईबाईंनी एक बारका पट्टा केला. मित्राच्या मापाचा. पोरीनं तो गळ्यात घालून आरशात बघितलं आन् विचारलं, “आई, शाळेत पण घालून जाऊ?”

हे करुणानं मला पार्ट तपासता तपासता सांगितलं. त्या दिवशी तिच्या हातनं एक चिरलेला पार्ट पुढं गेला. मी धरला. सहा वर्षांत तेवढा एकच. ती म्हणाली, “सविताताई, माझं लेकरू मी कुत्र्यासारखं पट्टा घालून वाढवणार न्हाई. शिरूरात खोली बघते.”

आता ती घर बघणार म्हंजी तपासणारच. तिनं वहीतलं एक पान आखलं. शिरूरातल्या एकेका भागात जायची ती संध्याकाळी पाचला, शाळा सुटल्यावर, कारण पोरांचं काय चालतं ते तवाच दिसतं म्हणायची. पोरं बाहेर खेळतात का दारं लावून घेतात? रस्त्यावरनं उसाचे ट्रॅक्टर जातात का? दवाखाना चालत किती? ओट्यावर म्हाताऱ्या बसतात का? म्हाताऱ्यांचं पोरांवर ध्यान असतं, म्हणून हा प्रश्न तिला सगळ्यात मोठा. बसून आल्यावर पानावर लिहायची, ओके न्हाई तर रिजेक्ट. एक भाग नुसता एवढ्यासाठी रिजेक्ट केला, की तिथली पोरं पडल्यावर रडत न्हवती, इकडंतिकडं बघत व्हती. म्हणाली, “म्हंजी घरी मार बसत असणार.” मी तोंडात बोट घातलं.

सगळ्यात आधी बघितली ती आमची गल्ली. रविवारी पोरं घेऊन आली घरी. आमचं घर माझे सासरे आनंदराव, म्हंजी आबा, त्यांनी बांधलेलं. नातवंडांच्या शिक्षणासाठी गाव सोडून शिरूरला आले ते. वर एक खोली हाय, बाहेरनं जिना, मोरी, संडास सगळं वेगळं. गावचे पाहुणे उतरावेत म्हणून केलेली, पण पाहुणे येतात आन् जेवून जातात, त्यामुळं तिथं कांदा पसरलेला, गव्हाची कोठी आन् मोडका कूलर. माझी राजनंदिनी आन् मित्रा त्या जिन्यावर दिवसभर भातुकली खेळल्या. पोरींना आणायला करुणा वर गेली. बराच वेळ दारात उभी व्हती. खिडकी उघडून बघितली. नळ फिरवला.

“इथं पाणी येतं का हो?” तिनं विचारलं.

“येतं की. चोवीस तास,” मी खालनं म्हणले. “चल, चहा गार व्हतोय.”

पुढचे चार महिने मी तिच्याबरोबर शिरूर पालथं घातलं. मला चेव आला व्हता, कारण पहिल्या दोन ठिकाणांहूनच ती काही न बोलता परत आली. मी म्हणले, मी येते, बघू कोण न्हाई म्हणतंय. सगळीकडं सुरुवात गोड. या, बसा, पाणी घ्या. नाव? करुणा गायकवाड. बरं बरं. आन् मग तो प्रश्न, “कुठले गायकवाड?”

बाहेरच्या माणसाला वाटंल, गाव विचारतायत. गाव न्हाई विचारत. मांडवगण सांगितलं तर म्हणतात, मांडवगणात कुठं? मळ्यात का? कुणाच्या भावकीतले? मामाचं आडनाव काय? माणूस नुसतं सोलत जातात कांद्यासारखं, आन् तोंडावर हसू. करुणा त्यांना एवढे कष्ट पडू द्यायची न्हाई. सरळ सांगायची, “आम्ही बौद्ध.” झालं. मग खोली रंगवायची असायची, न्हाई तर भाचा यायचा असायचा. एकानं तर कमालच केली. म्हणला, “आम्ही फक्त शाकाहारी लोकांना देतो.” रविवार व्हता आन् त्याच्या सैपाकघरातनं मटणाच्या रश्श्याचा असा वास सुटलेला की माझ्या तोंडाला पाणी आलं! मी म्हणले, “भाऊ, तुमचा शाकाहार उतू चाललाय, गॅस बंद करा.” करुणा जिना उतरताना हसून हसून खाली बसली. मग हसता हसता थांबली आन् पदरानं तोंड पुसलं.

पानावर त्या जागेपुढं तिनं तरी ‘ओके’च लिहिलं. मी म्हणले, अगं, ओके काय? ती म्हणाली, “जागा ओके हाय ना. मी जागा तपासते. जागा मला तपासते ते वेगळ्या कागदावर.”

मग मला अनसाबाई आठवल्या. आमच्या मागच्या गल्लीला सोसायटी हाय, गेट, बाग, घसरगुंडी. तिथं तळमजल्याला त्यांचे दोन फ्लॅट, एकात त्या एकट्या, दुसरा रिकामा. हळदीकुंकवाला नेहमी भेटायच्या. देवभोळ्या, मायाळू बाई. मी एकटीच गेले बोलायला. त्या दिवशी करुणा फर्स्ट शिफ्टला, मी रजेवर.

“पोरं हायत का?” अनसाबाईंना आनंद झाला. “असू दे गं, मला करमत न्हाई. कोण हायत?”

“माझ्या कंपनीतली हाय. गायकवाड.”

“कुठले गायकवाड?”

मी थांबले. एवढंच, एक घोट चहा पिण्याएवढी थांबले. आन् म्हणले, “आवं काकू, आमच्यातलीच हाय.”

“मग विचारायचं काय त्यात!” म्हणून त्यांनी किल्लीच दिली हातात.

करुणाला मी सांगितलं, काकू तयार हायत, त्यांना सगळं चालतं. ती येऊन फ्लॅट बघून गेली. अनसाबाईंनी सम्यकला मांडीवर घेऊन लाडू चारला. मला वाटलं, जमलं. एकदा राहायला लागली, पोरांचा लळा लागला, की कोण विचारतंय?

पुढच्या रविवारी बाराच्या सुमाराला नवनाथ टेम्पो घेऊन आला. भांडी, गाद्या, कपाट, पोरांची सायकल. अनसाबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या, पोरं पहिल्यांदा उंबरा ओलांडणार म्हणून. मी आमच्या राजनंदिनीला घेऊन बागेपाशी. नव्या घरात पहिलं काय न्यायचं ते ज्याचं त्याचं असतं. आमच्यात देव नेतात. मित्रा टेम्पोतनं उतरली ती दोन्ही हातांत बुद्धाची मूर्ती घेऊन. पांढरा फ्रॉक, केसाला तेल, पाय जपून टाकत आली. मागं करुणा, बाबासाहेबांचा फोटो साडीत गुंडाळून छातीशी धरलेला. पोरगी उंबऱ्याशी थांबली. अनसाबाईंकडं बघून म्हणाली, “जय भीम, आजी.”

ओवाळायला उचललेला हात तिथंच थांबला. अनसाबाईंनी मूर्ती बघितली, करुणा बघितली, मग माझ्याकडं बघितलं. आन् भाकरतुकडा तसाच हातात घेऊन आत गेल्या. दार लावलं. पोरगी मूर्ती घेऊन उन्हात उभी.

दहा मिनिटांनी त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला घेऊन आल्या. हनुमंतराव म्हणून. इस्त्रीचे कपडे, गोड आवाज. “गैरसमज करून घेऊ नका, आम्ही जातबीत मानत न्हाई. पण हितं सगळ्यांची लहान पोरं हायत. आपल्याला वातावरण सांभाळावं लागतं.”

“वातावरण?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “ही पाच वर्षांची पोर तुमचं वातावरण बिघडवती व्हय? लाज वाटत न्हाई? आन् काकू, परवा मांडीवर घेतलंत ना ह्या लेकराला? तवा काय बाटलात का?”

अनसाबाई माझ्यावर उसळल्या. “तू गप बस! तूच फसवलंस मला! तूच म्हणालीस, आमच्यातलीच हाय म्हणून!”

नवनाथ गाद्यांची दोरी परत आवळायला लागला. करुणा वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. लाइनवर विचारायची तसं विचारलं, “ताई, काय म्हणाला व्हता तुम्ही?”

“म्हंजी... मी आपलं... आमच्यातली म्हंजी आपल्या लाइनवरची, आपली गायकवाड सिस्टर...”

“यांना काय कळंल ते तुम्हाला ठाऊक व्हतं.”

मला ठाऊक व्हतं. खोटं बोलून काय उपयोग. तो शब्द तोंडातनं निघायच्या आधी ठाऊक व्हतं.

“मला घर पाहिजे व्हतं,” करुणा म्हणाली. “जात बदलून न्हवं.” तिनं मित्राच्या हातातली मूर्ती घेतली, पोरीला टेम्पोत बसवलं. घसरगुंडीवरची पोरं थांबून बघत व्हती. मित्रानं विचारलं, “आई, मी जय भीम चुकीचं म्हणले का?” करुणा म्हणाली, “अजिबात न्हाई. बरोबर म्हणलीस.” टेम्पो गेटातनं बाहेर पडला, आमच्या गल्लीवरनं, आमच्या दारावरनं गेला, तिकडं वस्तीवर, उसात.

मी आठवडाभर पेटलेली. जो भेटंल त्याला सांगायची. अनसाबाईंना रस्त्यात बघून तोंड फिरवायची. नवऱ्याला, विक्रमला म्हणले, केस करायला पाहिजे असल्या लोकांवर. करुणाला पण म्हणले, मी साक्ष देते. नवनाथ तयार व्हता. करुणा म्हणाली, “केस जिंकंन मी. मग पोरं काय त्यांच्याच भिंतीला भिंत लावून वाढवू? रोज गेटात कशा नजरेनं बघतील त्यांच्याकडं?”

महिन्याभरात तिनं राजीनामा दिला. तिचा भाऊ नागसेन दौंडला रेल्वेत, त्यानं त्याच्या शेजारी खोली बघितली आन् बिऱ्हाड आधीच तिकडं हललं. नवनाथला दुधाची लाइन सोडावी लागली. आपल्या लाइनवरची सगळ्यात चांगली नजर गेली म्हणून सुपरवायझर हळहळला. शेवटच्या दिवशी लॉकर रिकामा करताना तिनं ते वहीचं पान माझ्या हातात ठेवलं. “कुणाला पोरांसाठी घर बघायचं असलं तर द्या. सगळं तपासलेलं हाय.”

मी बसमध्ये उघडलं. अकरा जागा. पाणी, गटार, दवाखाना, म्हाताऱ्या, बारीक अक्षरात. आन् सगळ्यात वर, एक नंबरला, ती पोरं घेऊन आमच्याकडं आली त्या रविवारची तारीख घालून लिहिलेलं: ‘सविताताईंचं घर, वरची खोली. पाणी चोवीस तास. जिना वेगळा. खिडकीतनं शाळा दिसते. आजोबा ओट्यावर असतात. पोरींचं जमतं. ओके.’ पुढं कंसात, ‘त्याच विचारतील.’

चार महिने मी शिरूरभर लोकांची दारं ठोठावली. ह्याला शिव्या, त्याला टोमणे, मटणाचा रस्सा, वातावरण! आन् दर खेपेला परत येऊन त्याच जिन्याखाली चप्पल काढली. माझ्या डोक्यात ती खोली एकदा पण आली न्हाई असं मी म्हणू शकत न्हाई. आली व्हती. टेम्पो आमच्या दारावरनं गेला तवा तर ठसठशीत आली व्हती. मी तिच्यावर कांदा पसरला आन् गप बसले.

घरी गेले ती पदर खोचून वर चढले. कांद्याच्या पाट्या भरून भरून खाली आणल्या, कोठी ओढली, कूलर जिन्यावरनं ढकलून दिला. आवाजानं आबा ओट्यावरनं उठून आले.

“आगं, काय चाललंय? कुणासाठी?”

“गायकवाडांसाठी.”

“कुठले गायकवाड?” आबा म्हणले. “तुझ्या माहेरचे का?”

मी पाटी खाली ठेवली. “न्हाई आबा. माहेरचे न्हाईत. मांडवगणचे. बौद्ध हायत. करुणा, तिचा नवरा आन् दोन पोरं. इथं राहायला बोलावतेय मी त्यांना.”

आबा कांद्याकडं बघत राहिले. व्हय म्हणले न्हाईत, न्हाई म्हणले न्हाईत. एवढंच म्हणले, “मला आधी कुणी विचारलं न्हाई.” आन् ते खरं व्हतं. आबा न्हाई म्हणतील असं मीच ठरवलं व्हतं, म्हंजी मला विचारावं लागणार न्हाई.

तिथंच जिन्यावर बसून करुणाला फोन लावला. हात कांद्यानं माखलेले. म्हणले, “खोली रिकामी केली मी. ये. आजच ये.”

मागं रेल्वेचा भोंगा ऐकू आला, पोरांचा आरडाओरडा ऐकू आला.

“मित्राचं नाव घातलं हितल्या शाळेत,” ती म्हणाली. “आन् ऐक. अख्खं शिरूर न्हाई म्हणालं त्याचं मला काही न्हाई. पण तू चार महिन्यात एकदा विचारायचं व्हतंस.”

सहा वर्षांत पहिल्यांदा ती मला तू म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला. खोली अजून रिकामीच हाय, कांदा मी परत वर नेला न्हाई.